पाणी पोलादाचं, सोसणं झिर्कोनियमचं

दर्यापूर, भातकुली, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागातल्या शेतकऱ्याला गंजाचं शास्त्र शिकवायला जाऊ नये. बोअरमध्ये सोडलेला जीआय पाईप सगळ्यांत आधी कुठे सडतो हे त्याला पाठ असतं: आट्यांपाशी. आटे पाडताना जस्ताचा मुलामा कापला जातो, आतलं लोखंड उघडं पडतं, भिंतही तिथेच पातळ झालेली असते, आणि खारं पाणी नेमकी तिथून सुरुवात करतं. मग एखाद्या हंगामात जोड तुटतो आणि मोटर पाईपासकट बोअरच्या तळाला जाते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा खारपाणपट्टा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, दुसरी सोय नसेल तर, लिटरला २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावेत असं भारतीय मानक म्हणतं. इथल्या कित्येक विहिरी ती मर्यादा ओलांडून बसल्या आहेत. वान धरणाच्या पाण्यावर चौऱ्याऐंशी खेडी योजना उभी करावी लागली ती त्यामुळेच.

याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला, ऑक्टोबर १९६९ मध्ये देशातल्या पहिल्या दोन व्यापारी अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. त्यांतलं युरेनियम ज्या नळ्यांत भरलेलं असतं त्यांची भिंत एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते. बाहेरून २८५ अंश सेल्सिअसच्या आसपासचं उकळतं पाणी, हवेच्या सत्तर पट दाब, आतून अणुविखंडनाची धग, वरून किरणोत्साराचा मारा. आणि या सगळ्यात नळीने काही वर्षं टिकायचं. ती टिकते. नळीचा धातू झिर्कोनियम. मेख अशी की हा सोन्या-प्लॅटिनमसारखा अलिप्त धातू मुळीच नाही. ऑक्सिजनची त्याची भूक लोखंडाहून कितीतरी मोठी. त्याची बारीक भुकटी हवेत आपोआप पेट घेते. नुसत्या गंजण्याच्या ओढीवर निकाल लागला असता, तर तारापूरची नळी आपल्या जीआय पाईपाच्या आधी संपली असती.

ती वाचते ती स्वतःच्याच गंजामुळे. झिर्कोनियमवर झिर्कोनियम डायऑक्साइडचा पातळ, घट्ट, काळा थर चढतो आणि पुढच्या गंजाची वाट अडवतो. हा थर किती दिवस शाबूत राहतो हे निम्मं मिश्रधातूवर आणि निम्मं पाण्यावर ठरतं. गेल्या सत्तर वर्षांत जगभर या प्रश्नावर जे काम झालं, त्यात पहिल्या निम्म्याची चर्चा फार होते. या लेखात दुसऱ्या निम्म्याचा आढावा घ्यायचा आहे.

झिर्कोनियमच का, हे आधी उरकून घेऊ. अणुभट्टी चालते न्यूट्रॉनवर, आणि झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. लोखंडाच्या मानाने दहावा हिस्साही नाही. अडचण त्याच्या जोडीदाराची. निसर्गात झिर्कोनियमबरोबर एक ते तीन टक्के हाफ्नियम असतंच, आणि ते झिर्कोनियमच्या पाचशेहून अधिक पट न्यूट्रॉन खातं. दोघांचे रासायनिक गुण इतके सारखे की त्यांना वेगळं करणं हाच एक उद्योग होऊन बसला. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या अणुपाणबुडीसाठी ॲडमिरल रिकोव्हर यांनी या धातूचा आग्रह धरला आणि त्या कामातून झिर्कॅलॉय-२ निघालं: दीड टक्का कथील, आणि लोखंड, क्रोमियम, निकेल चिमूटभर. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून झिर्कॉन निघतं आणि हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये १९७१ पासून त्याच्या नळ्या होतात.

आता थराकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे.

गरम पाण्यात झिर्कोनियम पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन हिसकावतं आणि हायड्रोजन मोकळा सोडतं. ऑक्सिजन थरातून आत सरकत जातो आणि धातूच्या सीमेवर जाऊन नवा थर बनवतो. म्हणजे नवं बांधकाम नेहमी तळाशी, जुन्याच्या खाली. धातूचं ऑक्साइड होताना घनफळ दीडपटीहून थोडं जास्त, १.५६ पट होतं. जागा तेवढीच, माल दीडपट. त्यामुळे थर प्रचंड दाबाखाली असतो. हा दाब उपकारकच ठरतो. एरवी फार मोठ्या तापमानाला राहणारी ऑक्साइडची एक दाट स्फटिकरचना या दाबाखाली तीनशे अंशांनाही सीमेजवळ तग धरते. थर जाड होतो तसा गंजाचा वेग मंदावतो. शंका यावी इतकं सगळं छान चालतं. मग जाडी दोन मायक्रोमीटरच्या आसपास पोहोचली की बाहेरच्या भागातला दाब सैल होतो, स्फटिक रचना बदलतात, बारीक भेगा आणि छिद्रं पडतात, पाणी पुन्हा जवळजवळ धातूपर्यंत पोहोचतं आणि वेग उसळी घेतो. पुन्हा नवा दाट थर, पुन्हा दोन मायक्रोमीटर, पुन्हा भेगा. जखमेवरची खपली धरते, फुटते, पुन्हा धरते, तसं हे चक्र. चांगल्या पाण्यात प्रत्येक वेळी खपली नीट धरते. वाईट पाण्यात ती धरेनाशी होते. पाण्याचं रसायन करतं ते एवढंच.

हे मोजायची पद्धत साधी आहे आणि म्हणूनच ती अजून टिकून आहे. धातूचा छोटा तुकडा घासून, आम्लाने साफ करून, काट्यावर तोलायचा. ऑटोक्लेव्हमध्ये ४०० अंशांच्या वाफेत तीन दिवस ठेवायचा. बाहेर काढून पुन्हा तोलायचा. लोखंड गंजून झडतं, झिर्कोनियम गंजून वजनाने वाढतं, कारण ऑक्साइड चिकटून राहतं. एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे १५ मिलिग्रॅम वजन वाढलं की थर एक मायक्रोमीटरचा झाला असं समजायचं. अणुभट्टीच्या दर्जाच्या नळीला या चाचणीत ७२ तासांत २२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा असते. तुकडा काळा, चकचकीत, एकसारखा निघाला तर पास. पांढरे ठिपके, करडे पट्टे किंवा तपकिरी झाक दिसली की लॉट अडकला. अनुभवी माणूस आकडा येण्याआधी रंगावरूनच निकाल सांगतो.

या पांढऱ्या ठिपक्यांचं एक जुनं कारण फ्लोराइड. झिर्कोनियमला सहसा कोणतं आम्ल शिवत नाही, हायड्रोफ्लोरिक सोडून. म्हणून नळ्या साफ करायला नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकचं मिश्रणच वापरावं लागतं. त्यानंतर खंगाळण्यात कसूर झाली आणि फ्लोराइडचा अंश मागे राहिला, तर पुढे त्याच जागी थर पांढरा, भुसभुशीत येतो. ज्याने साफ केलं तेच मागे राहून खातं.

बाळापूर तालुक्यातल्या पारसला न थांबता तारापूरला गेलं तर गोष्ट अर्धी राहील. पारसच्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. तिथे युरेनियम नाही, झिर्कोनियमही नाही, पण रासायनिक समीकरण हुबेहूब तेच आहे. बॉयलरच्या पोलादी नळीतलं लोखंड गरम पाण्यातून ऑक्सिजन घेतं, हायड्रोजन सोडतं आणि नळीच्या आतल्या अंगाला मॅग्नेटाइटचा काळा थर चढतो. तो थर आहे तोवर बॉयलर आहे. म्हणून कोणत्याही औष्णिक केंद्रात बॉयलरला पाणी देण्याआधी डीएम प्लँटमध्ये त्यातला जवळजवळ प्रत्येक क्षार काढतात. पाण्याची वाहकता मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यात ती सेंटिमीटरला काही हजार भरते, डीएमच्या पाण्यात ०.२ च्या खाली असावी लागते. दहा हजार पटींचा हा फरक. मग डीअरेटरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन हाकलायचा, उरलासुरला हायड्राझिनने मारायचा, अमोनिया देऊन पाण्याचा पीएच नऊच्या वर ठेवायचा. एवढं करूनही कंडेन्सरची एखादी नळी फुटली आणि बाहेरचं पाणी आत झिरपलं, तर त्यातलं क्लोराइड साचलेल्या मळीखाली जाऊन आम्ल तयार करतं आणि मॅग्नेटाइट उखडतं. पुढे ‘ट्यूब लीकेज’ आणि संच बंद. नांदगावपेठच्या १,३५० मेगावॉटच्या केंद्राला अप्पर वर्ध्याचं पाणी द्यायचं की सिंचनाला, यावर अमरावतीत रान पेटलं होतं. तो वाद पाणी किती याचा होता. पाणी कसं, हा प्रश्न केंद्राच्या कुंपणाच्या आत रोज, तासातासाला सोडवावा लागतो, आणि त्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

पारसच्या बॉयलरमध्ये एकच धातू सांभाळायचा असतो, असं थोडं सैलपणे म्हणता येईल. अणुभट्टीत एकाच पाण्यात दोन घरं नांदतात: पोलादाचं आणि झिर्कोनियमचं. माझ्या मते या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली इथे आहे. पाणी कसं ठेवायचं हे जवळजवळ नेहमी पोलादाकडे किंवा अणुक्रियेच्या गरजेकडे बघून ठरतं. झिर्कोनियमने ते निभावून घ्यायचं असतं. जिथे जिथे थर फसला, तिथे बहुतेक वेळा तो दुसऱ्या कोणाच्या तरी औषधामुळे किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी मळीमुळे फसला.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या. त्यांत पाण्यात काहीही घालायचं नाही, ते फक्त शुद्ध ठेवायचं, हे मूळ तत्त्व. ऐकायला सोपं. पण किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन तयार होतो, हायड्रोजन वाफेबरोबर निघून जातो आणि मागच्या पाण्यात ऑक्सिजन अब्जात दोनशे भागांच्या आसपास उरतो. पारसचा रसायनतज्ज्ञ हा आकडा ऐकून कपाळाला हात लावील. या ऑक्सिजनयुक्त पाण्यात झिर्कॅलॉयवर एकसारख्या काळ्या थराऐवजी मधूनच पांढऱ्या गाठी उठतात. शोध घेतल्यावर कळलं की मिश्रधातूत लोखंड, क्रोमियम, निकेल यांचे जे सूक्ष्म कण विखुरलेले असतात ते मोठे आणि दूरदूर असले की गाठी जास्त. बारीक आणि दाट असले की कमी. मग नळी घडवताना उष्णतेचे टप्पे बदलून कण बारीक करण्यात आले. आणि इथे निसर्गाने एक खोडी काढून ठेवली आहे: दाबाखालच्या, न उकळणाऱ्या पाण्याच्या अणुभट्टीत नेमकं उलट, तिथे थोडे मोठे कण बरे. धातू तोच, पाणी बदललं, आणि चांगल्या-वाईटाची व्याख्या फिरली.

ऑक्सिजनयुक्त पाण्याचा खरा बळी मात्र स्टेनलेस स्टील. वेल्डिंगच्या आजूबाजूला त्याच्या पाईपांना भेगा जाऊ लागल्या, तेव्हा जगभरच्या अशा अणुभट्ट्यांनी पाण्यात हायड्रोजन सोडायला सुरुवात केली. पुढे काहींनी जस्त आणि प्लॅटिनमसारखे धातूही सूक्ष्म प्रमाणात दिले. झिर्कोनियमला यातलं काही नको होतं. हायड्रोजनने त्याचं फारसं बिघडलं नाही, पण प्रत्येक नव्या औषधाबरोबर नळीवर बसणाऱ्या मळीची घडण बदलली आणि नळ्या पुन्हा तपासाव्या लागल्या. मळीचा सर्वांत बोलका धडा १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही अणुभट्ट्यांनी शिकवला. त्यांच्या कंडेन्सरच्या नळ्या पितळी. त्यातलं तांबं कणाकणाने पाण्यात उतरलं, इंधनाच्या नळ्यांवर लोखंडाच्या मळीत जाऊन बसलं. मळीतल्या छिद्रांत वाफ कोंडली, खालची नळी तापली, तापलेल्या जागी थर झपाट्याने वाढला आणि नळ्यांना भोकं पडली. दोष कंडेन्सरच्या पितळेचा, शिक्षा इंधनाच्या नळीला. तारापूरच्या या दोन्ही जुन्या अणुभट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या.

शेजारीच तारापूर ३ आणि ४ उभ्या आहेत. ५४० मेगावॉटच्या, जड पाण्याच्या. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये व्यापारी वीज देऊ लागली. यांच्यात झिर्कोनियमची जबाबदारी कितीतरी मोठी आहे. प्रत्येक अणुभट्टीत ३९२ दाबनळ्या आहेत. त्या झिर्कोनियमच्या, अडीच टक्के नायोबियम घातलेल्या, सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या. इंधनाची नळी काही काळाने निघून जाते, दाबनळीने मात्र पंचवीस-तीस वर्षं जागा सोडायची नाही. तिच्यातून वाहणारं तीनशे अंशांचं जड पाणी पुढे साध्या कार्बन पोलादाच्या पाईपांतून जातं. आता पाणी कोणाच्या मनासारखं ठेवायचं? पोलादाच्या. मॅग्नेटाइट कमीत कमी विरघळावं म्हणून लिथियम हायड्रॉक्साइड घालून पीएच दहाच्या थोडा वर ठेवतात. अणुभट्टी प्रथम सुरू करण्यापूर्वी बरेच दिवस गरम, लिथियमयुक्त साधं पाणी फिरवून पोलादावर मॅग्नेटाइट मुद्दाम चढवतात. हॉट कंडिशनिंग म्हणतात त्याला. दाबनळ्यांनाही बसवण्याआधी वाफेत ठेवून काळा थर दिलेला असतो. दोन काळे थर, दोन धातू, एक पाणी.

लिथियमचं प्रमाण दशलक्षात एक-दोन भाग असेपर्यंत झिर्कोनियम कुरकुर करत नाही. पण ते पाणी थराच्या छिद्रांत कोंडून उकळलं, तर तिथे लिथियम साठत जातं, आणि साठलेलं लिथियम थराचा वैरी आहे. प्रयोगशाळेत दशलक्षात ७० भाग लिथियमच्या पाण्यात झिर्कॅलॉय-४ चा थर भेगाळून गंजाचा वेग किती तरी वाढतो. का, यावर गेली कित्येक दशकं वाद आहे. एक पक्ष म्हणतो, लिथियम ऑक्साइडच्या स्फटिकात शिरून ऑक्सिजनच्या वाटा मोकळ्या करतं. दुसरा म्हणतो, ते स्फटिकांच्या सांध्यांवर बसून नव्या कणांची वाढ खुंटवतं, त्यामुळे थर सच्छिद्र होतो. तिसऱ्याच्या मते दाट स्फटिकरचना लवकर मोडते. मला दुसऱ्या पक्षाचं म्हणणं अधिक पटतं, कारण त्याच पाण्यात बोरिक आम्ल घातलं की अपाय बराचसा थांबतो, आणि छिद्रं बुजण्याच्या भाषेत हा परिणाम सहज समजतो. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या रशियन बनावटीच्या अणुभट्ट्यांत लिथियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, आणि पोटॅशियम झिर्कोनियमला इतकं सतावत नाही. अमेरिकेतले लोकही आता पोटॅशियमकडे वळण्याचा विचार करताहेत. त्यांचं मुख्य कारण मात्र झिर्कोनियमचं भलं हे नाही. शुद्ध लिथियम-७ मिळवणं महाग आणि परावलंबी आहे, हे आहे.

जड पाण्याच्या अणुभट्टीत दुसरी तारेवरची कसरत विरघळलेल्या ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची. ते कमी पडलं तर किरणोत्साराने फुटलेल्या पाण्यातला ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि गंज वाढतो. जास्त झालं तर दाबनळीत शिरायला आणखी माल मिळतो. आणि झिर्कोनियमला खरा धोका गंजाने पातळ होण्याचा नाहीच; तो आत शिरणाऱ्या हायड्रोजनचा आहे. गंजताना सुटलेल्या हायड्रोजनचा काही वाटा थर ओलांडून धातूत मुरतो. तीनशे अंशांना धातू दशलक्षात साठ-सत्तर भागांपर्यंत तो विरघळवून ठेवू शकतो. थंड होताच हायड्राइडच्या ठिसूळ चकत्या बाहेर पडतात. झिर्कॅलॉय-२ मधलं निकेल तर हायड्रोजनला दार उघडून देतं. निकेल काढून झिर्कॅलॉय-४ करण्यात आलं ते याच कारणाने. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या अणुभट्टीत झिर्कॅलॉय-२ ची एक दाबनळी सुमारे दोन मीटर फाटली. तिला आधार देणारी स्प्रिंगची कडी जागेवरून सरकली होती, नळी वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली, आणि हायड्रोजन थंड बाजूला धावतो या नियमाने तिथे हायड्राइडचे फोड आले. आपल्याकडच्या जुन्या अणुभट्ट्यांतही तीच मिश्रधातू होती. राजस्थान आणि कल्पाक्कममधल्या काही जुन्या अणुभट्ट्यांच्या दाबनळ्या पुढे सरसकट बदलण्यात आल्या, आणि गुजरातेतल्या काकरापारची दुसरी अणुभट्टी नायोबियमच्या मिश्रधातूने सुरू झालेली देशातली पहिली ठरली. झिर्कोनियमच्या स्फटिकबदलांवर आयुष्य घालवलेले श्रीकुमार बॅनर्जी पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले, यावरून तिथे या धातूला किती वजन होतं ते कळावं. कल्पाक्कमला तर पाणी आणि वाफेच्या रसायनाचा स्वतंत्र विभागच आहे.

नायोबियमची मिश्रधातू हायड्रोजन बरीच कमी घेते. प्रश्न मिटला असं वाटत असतानाच काकरापारने धक्का दिला. जुलै २०१५ मध्ये दुसऱ्या आणि ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या अणुभट्टीत दाबनळी गळली. फुटलेल्या नळीची आतली बाजू, म्हणजे तीनशे अंशांचं जड पाणी जिथे वर्षानुवर्षं घासत होतं ती बाजू, ठीक होती. बाहेरच्या बाजूवर ठिपक्याठिपक्यांनी गंज लागला होता. बाहेर पाणी नसतंच. दाबनळी आणि तिच्याभोवतीची नळी यांच्या फटीत कार्बन डायऑक्साइड वायू खेळवतात, उष्णता अडवायला आणि गळती ओळखायला. त्या वायूतल्या भेसळीकडे तपासाची सुई वळली. दोन्ही अणुभट्ट्यांच्या नळ्या बदलून त्या २०१८ आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. रसायनशास्त्राची नोंदवही फक्त पाण्याची ठेवून भागत नाही, धातूला जे जे शिवतं त्या प्रत्येकाची ठेवावी लागते, एवढा या प्रकरणाचा साधा अर्थ. इतकी शिस्त, इतकी मापं, आणि लक्ष नेमकं जिथे कमी होतं तिथून गंज आला. आट्यांचा पाईप वापरणाऱ्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातानंतर या विषयाला नवं वळण लागलं. थंड करणारं पाणी गेलं आणि नळी बाराशे अंशांकडे चढली की थर वाचवायचं नाव घेत नाही. झिर्कोनियम वाफेशी भडकून हायड्रोजनचे ढग सोडतं. २०११ मध्ये तिथल्या इमारती उडाल्या त्या या हायड्रोजनच्या स्फोटाने. तेव्हापासून नळीवर क्रोमियमचा पातळ लेप देण्याचे प्रयोग अमेरिका, फ्रान्स, कोरियात जोरात आहेत. क्रोमियम अपघातात झिर्कोनियमला मोलाची उसंत देतं. पण ते रोज राहणार कोणत्या पाण्यात? हायड्रोजन दिलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते सुखाने राहतं. तारापूरच्या जुन्या जातीच्या, ऑक्सिजन असलेल्या पाण्यात त्याचा थर क्रोमेट होऊन विरघळू लागतो. म्हणजे धातू बदला, लेप बदला, निकालपत्रावर पाण्याची सही लागतेच.

सत्तर वर्षांचं हे काम एकत्र पाहिल्यावर माझं मत असं: मिश्रधातूची लढाई बऱ्याच अंशी जिंकली आहे. झिर्कॅलॉयच्या जागी आलेल्या नायोबियमच्या मिश्रधातू कमी गंजतात, कमी हायड्रोजन घेतात, इंधन जास्त काळ आत ठेवू देतात. नावं त्यांना मिळाली, झिर्लो, एम५ अशी. रसायनाच्या नोंदवहीला नाव नसतं, आणि ती बिघडल्याशिवाय कोणी उघडत नाही. पण गेल्या पन्नास वर्षांतल्या ठळक फसगती, मग ते तांबं असो, लिथियम असो की वायूतली भेसळ, त्या नोंदवहीतच सापडतात.

हे आता लांबचं उरलेलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला सहा फ्रेंच अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. त्या दाबाखालच्या पाण्याच्या. त्यांच्या नळ्या एक टक्का नायोबियमच्या एम५ च्या, पाण्यात बोरिक आम्ल आणि लिथियम. जैतापूरवर मराठीत भूकंपाची चर्चा झाली, मासेमारीची झाली, मोबदल्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पुढच्या वेळी जनसुनावणीला जाणाऱ्यांनी आणि तिच्या बातम्या देणाऱ्यांनी तीन प्रश्न आणखी विचारावेत. पाण्यात लिथियम कमाल किती चालू देणार? नळीवर किती मायक्रोमीटर थर झाला की इंधन बाहेर काढणार? आणि या दोन्हींची मोजमापं दरवर्षी लोकांसमोर ठेवणार का?